श्रद्धा, अदब आणि श्रवण : भक्तिसंगीताच्या आस्वादाचा ऐतिहासिक विचार

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकविणाऱ्या अध्यापकाला एक प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात भेटतो. अभंगाचा तास चालू असताना एखादा विद्यार्थी उभा राहतो आणि म्हणतो, "सर, विठ्ठलावर आपला ईमान नाही, मग अभंगाची गोडी आपल्याला खरोखर कळेल काय?" उर्दूच्या वर्गात नात शिकताना एखादी हिंदू विद्यार्थिनी हाच प्रश्न उलट बाजूने विचारते. शब्दांच्या बाबतीत अर्थ समजावून सांगून वेळ निभावून नेता येते. पण त्याच शब्दांना स्वर लाभले की प्रश्न अधिक बिकट होतो, कारण स्वर अर्थाची वाट न पाहता थेट मनाला भिडतात.

अशा वेळी आपण बहुतेक जण एक तयार उत्तर देतो, "संगीताला धर्म नसतो." हे वाक्य सद्भावनेचे आहे यात शंका नाही. परंतु ते इतिहासाला धरून आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. इस्लाममधील संगीताच्या वैधतेविषयी उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. त्याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. श्रद्धा नसलेल्या श्रोत्याला धार्मिक संगीताचा आस्वाद घेता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या अटीवर, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे.

समाविषयीची जुनी चर्चा

हा प्रश्न आधुनिक आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः इमाम गझाली (र.अ., निधन इ.स. ११११) यांनी 'इह्या उलूम-उद्-दीन' या ग्रंथात समा आणि वज्द यांच्या आदाबांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले असून त्यात श्रोत्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. केवळ स्वभावधर्माने सुरावर डोलणारा श्रोता सर्वांत खालच्या पायरीवर आहे. वाळवंटात हुदा ऐकून उंटही वेगाने चालतो, म्हणजे एवढ्यापुरता तो आनंद प्राण्यालाही होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर अर्थ समजून ऐकणारा येतो, आणि त्याही वर ऐकलेले आपल्या व ईश्वराच्या नात्याला लावून पाहणारा. गझालींचे सर्वांत महत्त्वाचे विधान असे की, समा अंतःकरणात नसलेली गोष्ट बाहेरून आणून ठेवीत नाही. जे आत आहे तेच ती हलवून जागे करते.

चिश्ती परंपरेत हजरत निजामुद्दीन औलिया (र.अ., निधन १३२५) यांच्या नावे समाच्या अटी सांगितल्या जातात. गाणारा कोण, ऐकणारा कसा, गायले जाते ते काय आणि साधने कोणती, असा चौपदरी विचार त्यात आहे. ऐकणाऱ्याचे मन ईश्वराच्या स्मरणात असावे ही त्यातील अट आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे.

या चर्चेतून दोन गोष्टी हाती लागतात. श्रद्धेशिवाय सुराचा आनंद होतो हे आपल्या पूर्वसूरींनी नाकारलेले नाही. परंतु तेवढ्यालाच पूर्ण श्रवण म्हणण्यास ते तयार नव्हते. प्रश्न उरतो तो उंटाची पायरी आणि आबिदाची पायरी यांच्यामधल्या जागेचा. ज्याची श्रद्धा वेगळी आहे, पण ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने कोठे उभे राहावे? याचे उत्तर ग्रंथांपेक्षा आपल्या प्रदेशाच्या इतिहासात अधिक स्पष्ट मिळते.

विजापूर : सरस्वती आणि गेसूदराज

विजापूरचा सुलतान इब्राहीम आदिलशाह दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७) याचा 'किताब-ए-नौरस' हा दख्खनीतील गीतसंग्रह उर्दूच्या अध्यापकांना परिचित आहे. त्यातील गीते रागांच्या नावाखाली मांडलेली आहेत. त्यांत सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन आहे, तसेच गुलबर्ग्याचे हजरत सय्यद मुहंमद गेसूदराज (निधन १४२२) यांच्याविषयीची अकीदतही आहे. या सुलतानाला प्रजेने 'जगद्गुरू' म्हटले.

याचा अर्थ लावताना अभ्यासकांची दोन टोके दिसतात. कोणी त्याला अर्धा हिंदू ठरवितो, तर कोणी हे सारे राज्यकर्त्याचे धोरण होते असे म्हणतो. मला दोन्ही अपुरी वाटतात. ज्या विद्येत तो उतरला त्या विद्येच्या परंपरेत सरस्वतीचे जे स्थान आहे, ते त्याने मानले. असे करताना त्याने आपल्या पीराशी असलेले नाते सोडले नाही आणि लपविलेही नाही. दोन्ही एका पुस्तकात नांदतात. दुसऱ्याच्या घरात पादत्राणे बाहेर काढून जावे, तसे हे वागणे आहे. त्याने ते घर आपले होत नाही. पण आपण तेथे उपरेही राहत नाही.

ग्वाल्हेर : कानाला लागणारा हात

ग्वाल्हेरमध्ये हजरत मुहंमद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनची कबर आहे. तिच्याजवळच्या चिंचेचा पाला चघळल्याने आवाज गोड होतो, अशी गायकांची समजूत आहे आणि सर्व धर्मांचे गायक तो चघळत आले आहेत. तेथे होणाऱ्या तानसेन समारोहाच्या प्रारंभी हरिकथाही होते आणि मीलादही. दोहोंना मिसळून एक तिसरीच गोष्ट तयार केलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हरिकथा हरिकथा राहते, मीलाद मीलाद राहते. ऐकणारे मात्र दोन्हींना बसतात.

याच ग्वाल्हेरात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी ख्यालगायकीला जे रूप दिले, ते महाराष्ट्रात आले ते ब्राह्मण शिष्यांच्या गळ्यातून. हस्सू खाँ यांच्याकडून वासुदेवबुवा जोशी शिकले, वासुदेवबुवांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६), आणि बाळकृष्णबुवांकडून मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१). उस्तादाचा धर्म शिष्याने स्वीकारला नाही, शिष्याचा धर्म उस्तादाने विचारला नाही. परंतु एक गोष्ट दोघांना समान होती. गायक उस्तादाचे नाव उच्चारताना कानाला हात लावतो. ही खूण म्हणजे अदब. घराण्याच्या तालमीत प्रवेश मिळतो तो या दारातून. शिष्याच्या अकीद्याची चौकशी होत नाही. अदबीची मात्र सतत परीक्षा होत असते.

मिरज : एका गायकाचे दोन मुक्काम

उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे कैरान्याचे. पण त्यांनी मिरज आपले मानले. तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याशी त्यांचे नाते अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत यमुनातीराची ठुमरी आहे, तशीच त्यागराजांची तेलुगू रामकृतीही आहे. कर्नाटक संगीत त्यांनी कुतूहलाने नव्हे, तर मेहनतीने आत्मसात केले होते.

त्यांच्या अंताची हकीकत सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जात असता त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घालून त्यांनी नमाज अदा केली, दरबारी कानड्याच्या स्वरांत कलमा म्हटला आणि तेथेच देह ठेवला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिरजेत दर्ग्याच्या आवारात त्यांची मजार आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते.

आता "संगीताला धर्म नसतो" हे वाक्य या फलाटावर उभे करून पाहावे. ज्या माणसाने शेवटच्या घटकेला कलमा म्हटला, त्याच्या गाण्याला धर्म नव्हता असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याच माणसाने रामकृती गायिली. म्हणून त्याला धर्माचे महत्त्व वाटत नव्हते, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. खाँसाहेबांना स्वतःची श्रद्धा पक्की होती, आणि दुसऱ्याची श्रद्धा काय असते याची ओळखही होती. त्यांच्या स्वरांतली करुणा या दोन्हींतून आली असावी, असे मला वाटते.

बडोदे : दोन चित्रे

श्रद्धाही नाही आणि ओळखही नाही, अशा श्रवणाचे काय होते, याचे उदाहरण बडोद्याच्या एका सुपुत्राच्या चरित्रात सापडते. बडोद्यात गायनशाळा सुरू करणारे मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांचे नातू हजरत इनायत खाँ (१८८२–१९२७) हे १९१० मध्ये पश्चिमेकडे गेले. अमेरिकेत त्यांना आणि त्यांच्या बंधूंना रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या कार्यक्रमांत साथ करावी लागली. श्रोत्यांना ते संगीत म्हणजे पूर्वेकडची एक नवलाई वाटे. कालांतराने इनायत खाँ यांनी जाहीर मैफली सोडून दिल्या आणि व्याख्यानांतून, शिकवणीतून सूफी विचार मांडण्यास वाहून घेतले. शिष्यांना त्यांनी धर्म बदलण्यास सांगितले नाही. पण काय ऐकावयाचे आहे हे आधी समजावून दिले. कानापूर्वी मन तयार करावे लागते, हे त्यांच्या जीवनक्रमातून दिसते.

दुसरे चित्र क्लेशदायक आहे. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ (१८८६–१९५०) हे बडोदे दरबारचे गायक. 'प्रेमपिया' या नावाने त्यांनी बंदिशी रचल्या. नंदकुमाराची वंदना त्यांनी काफीत गायिली, ती रसिक आजही ऐकतात. त्यांची कबर वडोदऱ्यात आहे, आणि २००२ च्या दंगलीत तिची नासधूस झाली. ज्यांनी हे कृत्य केले त्यांनी खाँसाहेबांचे गाणे कधी ऐकले होते की नाही, हा मुद्दा नाही. मुद्दा असा की, गाणे सर्वांचे म्हणून गौरविले जात असताना गाणारा माणूस कोण होता, हे समाजाच्या स्मरणातून निसटू शकते. 'धर्म नसलेले' संगीत शिल्लक राहते आणि गायकाची कबर परकी होते. निव्वळ आस्वाद माणसाचे रक्षण करण्यास पुरेसा नसतो.

पलुस्कर आणि भातखंडे

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोन महाराष्ट्रीय विद्वानांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. पं. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. शृंगारिक चिजांऐवजी भक्तिपर पदे आणून त्यांनी संगीताला घरंदाज समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या विचारात संगीत आणि उपासना एकरूप होती. उलट पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी संगीताकडे शास्त्र म्हणून पाहिले. उस्तादांकडून बंदिशी मिळवून, स्वरलिपीत उतरवून त्या छापल्या. १९१६ साली बडोद्यात भरलेली अखिल भारतीय संगीत परिषद हे त्यांच्याच प्रयत्नांचे फळ.

दोघांचेही ऋण मोठे आहे. तथापि पहिल्या मार्गात वेगळ्या श्रद्धेच्या विद्यार्थ्याला दारातच अवघडल्यासारखे होते, आणि दुसऱ्या मार्गात बंदिश कागदावर येते, पण ती गाणाऱ्याच्या अंतःकरणाची वही कोरी राहते. उस्तादांच्या तालमीत अदबीची जी मधली जागा होती, ती दोन्हीकडे आक्रसली.

समारोप

हा विचार आपल्याला स्वतःवरही लावून पाहता येतो. एखादा बिगरमुस्लिम रसिक किरअत ऐकून "काय सुंदर स्वर आहेत" असे म्हणतो, तेव्हा आपल्याला आनंद होतो आणि किंचित अवघडल्यासारखेही वाटते. आपल्या लेखी तिलावत म्हणजे गाणे नव्हे. त्या रसिकाने ईमान आणावा अशी आपली अपेक्षा नसते. पण आपण हे काय म्हणून ऐकतो, एवढे त्याने जाणावे असे वाटते. हीच अपेक्षा वारकऱ्याची आपल्याकडून असेल, तर ती गैर कशी म्हणावी?

तेव्हा वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर माझ्या मते असे आहे : आस्वादासाठी श्रद्धा असलीच पाहिजे असे नाही, परंतु श्रद्धेची ओळख असलीच पाहिजे. विठ्ठल वारकऱ्याला कोण वाटतो, हे कळल्याखेरीज अभंगाचा सूर अर्धाच ऐकू येतो. नबींविषयीची मुहब्बत म्हणजे काय, हे कळल्याखेरीज नात अर्धीच राहते. श्रद्धावंताला जे मिळते ते सारे आपल्याला मिळेल असा दावा करू नये. पण उंटाच्या पायरीवर थांबण्याचेही कारण नाही.

अध्यापक म्हणून यातून आपले दोन कर्तव्यबिंदू ठरतात. स्नेहसंमेलनात एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या अकीद्याविरुद्ध काही गाण्याची सक्ती करू नये. आणि अकीद्याचे कारण पुढे करून त्याला जाणून घेण्यापासून सूटही देऊ नये. गाणे न गाणे हा त्याचा अधिकार आहे. ऐकताना अदब राखणे आणि गाणाऱ्याला ओळखणे ही त्याची तालीम आहे, आणि ती देण्याचे काम आपले आहे.