बारा मिनिटांत पन्नास सवाल

दोस्तांनो, राखीव जागांवर वाद घालणारा माणूस शेवटी कुठं येऊन थांबतो, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. इतिहास झाला, घटना झाली, आकडे झाले, की तो हळूच म्हणतो, "पण बुद्धीचं काय?" जणू बुद्धी म्हणजे साखर. काट्यावर टाकली की वजन कळतं.

तो काटा कुणी बनवला, कुणाच्या हातात गेला, आणि काट्यावर भरलेला माणूस कामात खरंच भरतो का, हे मी गेलं वर्षभर वाचतोय. मी सूतगिरणीत तीन पाळ्यांत काम करतो. कॉलेज पाहिलेलं नाही. इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचावं लागतं, म्हणून वर्ष गेलं. जे हाती लागलं ते बहुतेक अमेरिकेतलं आहे, कारण हा काटा तिथंच सगळ्यात जास्त चालला.

सुरुवात मात्र पॅरिसची. 1905 साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ या दोघांनी शाळेत मागं पडणारी पोरं हुडकायला एक चाचणी केली. हेतू चांगला होता. पोराला जादा शिकवणी मिळावी. बुद्धी म्हणजे दगडावरची रेघ नाही, शिकवून वाढते, असं बिनेचं ठाम मत होतं. 1911 ला तो वारला. चाचणी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथल्या पंडितांनी बिनेचं मत पॅरिसलाच ठेवलं.

1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा रॉबर्ट यर्क्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं जवळपास सतरा लाख सैनिकांची डोकी मोजली. सवाल कसले? 'क्रिस्को' म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, दातांची पेस्ट, की खायची वस्तू? क्रिस्को हा तिकडचा डालडा. ज्याच्या घरात तो कधी आलाच नाही तो बुद्धीनं कमी! ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापुढं चित्रं ठेवली. टेनिसचं मैदान आहे, त्यात काय राहिलंय ते काढा. जाळी राहिली होती. शेतमजुराच्या पोरानं टेनिसची जाळी कुठं बघायची?

यातून निष्कर्ष निघाला की काळा सैनिक गोऱ्यापेक्षा जन्मानंच मंद. पुस्तकं निघाली, भाषणं झाली. मग 1924 साली होरेस मान बाँड या एकोणीस वर्षांच्या काळ्या पोरानं लष्कराचेच आकडे पुढं घेतले आणि राज्यवार मांडले. इलिनॉय, न्यूयॉर्क, ओहायो इथले काळे सैनिक मिसिसिपी, केंटकी, आर्कान्सासच्या गोऱ्यांच्या वर निघाले. जिथं शाळा बरी तिथं आकडा बरा. रंगाचा काय संबंध? बाँड 'क्रायसिस' मासिकात लिहीत होता. त्याचे संपादक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. ह्याच डुबॉइसना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिलं होतं. एकोणीस वर्षांचं वय, दोस्तांनो. आपल्या अभ्यासवर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. 1913 ते 1916 ते कोलंबिया विद्यापीठात होते. 'मानसिक चाचणी' हा शब्द रूढ करणारा जेम्स कॅटेल त्या वेळी तिथंच प्राध्यापक होता. आणि बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्युई, त्यांनी 1922 साली लेख लिहून, माणसाला आकडा चिकटवून त्याची प्रत ठरवायच्या या धंद्यावर टीका केली. एकाच विद्यापीठात दोन्ही वारे वाहत होते. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 मार्क होते. आजच्या कुठल्याही गुणवत्तावाल्याच्या टेबलावर हा कागद नाव झाकून ठेवा, आणि तो काय करतो ते बघा.

आता यशाचं. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यानं 1921 पासून पंधराशेवर हुशार पोरं निवडली. बहुतेकांचा बुद्ध्यांक 135 च्या वर. ही पोरं पुढं काय होतात ते तो जन्मभर टिपत राहिला. बरीच चांगली निघाली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली, हे लपवायचं कारण नाही. पण घरंही बहुतेक खात्यापित्यांची होती. पुढं टर्मननं त्यांच्यातलेच सगळ्यात यशस्वी आणि सगळ्यात मागं राहिलेले पुरुष वेगळे काढले. दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात नाव घेण्यासारखा फरक नव्हता. फरक होता बापाच्या शिक्षणात, घरच्या वातावरणात, चिकाटीत. नोबेल एकालाही मिळालं नाही. आणि चाचणीत कमी पडले म्हणून ज्यांना वगळलं त्यांच्यातल्या दोघांना मिळालं: 1956 ला विल्यम शॉकली, 1968 ला लुईस अल्वारेझ. गंमत बघा, ह्याच शॉकलीनं पुढं काळे लोक जन्मतःच कमी बुद्धीचे असतात असा प्रचार केला, तोही बुद्ध्यांकाच्याच आधारावर. ज्या काट्यानं त्याला नापास केलं तोच काटा घेऊन तो दुसऱ्यांची डोकी मोजत फिरला. आपल्याकडंही असे नग कमी नाहीत.

बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये 1936 सालीच हे उकलून ठेवलंय. माणसाची ताकद तीन गोष्टींनी ठरते: जन्मानं मिळालेलं, घरानं-समाजानं दिलेलं, आणि स्वतःच्या धडपडीचं. बुद्ध्यांकवाला तिन्हींची खिचडी करतो आणि सगळ्याला पहिलंच नाव देतो.

पण मला खरी सांगायची आहे ती विजेच्या कारखान्याची गोष्ट. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ड्रेपर गावात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर वीज केंद्र होतं. कोळसा जाळायचा, वाफ करायची, वीज काढायची. कामगार 95, त्यांत काळे 14. खाती पाच. काळ्यांना फक्त मजूर खातं, म्हणजे झाडलोट, साफसफाई. मजूर खात्यातला सगळ्यात जास्त पगार हा बाकीच्या चार खात्यांतल्या सगळ्यात कमी पगाराहूनही कमी. 1955 पासून बाकीच्या खात्यांना हायस्कूलच्या सर्टिफिकेटची अट घातली. पण आधीपासून आत असलेले, सर्टिफिकेट नसलेले गोरे तसेच राहिले. कामंही नीट करत होते आणि बढत्याही घेत होते.

मग 1964 चा नागरी हक्क कायदा आला. नोकरीत रंगभेद बंद. ही तरतूद 2 जुलै 1965 ला लागू झाली. बरोबर त्याच दिवशी कंपनीनं नव्या भरतीसाठी दोन चाचण्या आणल्या. एक यंत्रसामग्रीच्या समजेची, दुसरी वंडरलिक नावाची बुद्धिचाचणी, बारा मिनिटांत पन्नास सवाल. सप्टेंबरात सांगितलं की जुन्या कामगारांनीही ह्या पास केल्या तर वरच्या खात्यात जाता येईल. पासाची रेघ अशी आखली की हायस्कूल झालेल्यांतलेही साधारण निम्मे खाली पडावेत. त्या राज्यात 1960 च्या जनगणनेत गोऱ्या पुरुषांपैकी 34 टक्के हायस्कूल झालेले, काळ्यांपैकी 12 टक्के. आधी शाळा द्यायची नाही, मग शाळेचा कागद मागायचा. हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको.

विली ग्रिग्ज आणि त्याचे सहकारी, मिळून तेरा काळे कामगार कोर्टात गेले. खाली हरले, वर अर्धंमुर्धं मिळालं, शेवटी सुप्रीम कोर्ट. 8 मार्च 1971 ला आठही न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला. तो लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर काही क्रांतिकारक नव्हते, निक्सननं नेमलेले होते. त्यांनी कंपनीला सरळ विचारलं, ही चाचणी आणि हे काम यांचा संबंध दाखवा. कंपनीनं तो कधी तपासलेलाच नव्हता. आणि सर्टिफिकेट नसलेले, चाचणी न दिलेले गोरे वर्षानुवर्षं तीच यंत्रं चालवत होते, हाच सगळ्यात मोठा पुरावा. कोर्टानं चाचण्यांवर बंदी घातली नाही. हेतू काय होता तेही निर्णायक मानलं नाही. ज्या अटीनं काळे बाहेर राहतात आणि जिचा कामाशी संबंध दाखवता येत नाही, ती अट चालणार नाही, एवढंच.

मला हा निकाल आवडतो तो यासाठी की त्यात "काळेही हुशार असतात" अशी दयेची भाषा नाही. काम दाखव, मग अट घाल. आमच्या खात्यात एक चाचा आहेत. सहीपलीकडं लिहिता येत नाही. मशीन सुरू झालं की नुसत्या आवाजावरून सांगतात, आज हे बंद पडणार. मास्तर आधी त्यांना विचारतो, मग मॅन्युअल उघडतो. चाचांना बारा मिनिटांत पन्नास सवाल द्या, पाच सुटायचे नाहीत. ब्राझीलच्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पाच पोरांचा 1985 साली अभ्यास छापून आला. गाड्यावर हिशेब विचारला तर शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर सदतीस. पोरं तीच, डोकं तेच.

मग चाचणीला काहीच कळत नाही का? कळतं. शाळेतल्या मार्कांचा अंदाज ती बरा देते. कामाचाही थोडा देते. किती थोडा, यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. पूर्वी पंडित हा संबंध 0.51 सांगायचे. 2022 साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुना हिशेब पुन्हा तपासला तेव्हा 0.31 उरला. म्हणजे एका कामगारात आणि दुसऱ्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा. त्याच हिशेबात नीट आखून घेतलेली मुलाखत आणि त्या कामाच्या माहितीची परीक्षा, दोन्ही बुद्धिचाचणीच्या वर आल्या. ग्रिग्ज आणि त्याचे साथीदार पन्नास वर्षांपूर्वी हेच तर मागत होते.

त्या निकालालाही पुढं धक्के बसले. 1989 साली त्याच कोर्टानं त्याची धार बोथट केली, 1991 ला संसदेनं कायदा करून ती परत लावली. एप्रिल 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून सरकारी खात्यांना ह्या तत्त्वाची अंमलबजावणी मागं ठेवायला सांगितलं. आदेशाच्या मथळ्यात 'गुणवत्ताशाही' हा शब्द आहे. 1991 चा कायदा मात्र त्या आदेशानं रद्द झाला नाही. कामगाराला स्वतः कोर्टाची पायरी चढायची असेल तर अजून चढता येते, वकील स्वतःच बघायचा.