वेणीच्या विणीची हकिगत



गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या प्रदर्शनात मी विणलेल्या खांद्यावरच्या दोन पिशव्या ठेवल्या होत्या, त्या पुष्कळजणींना आठवत असतील. जाड पांढऱ्या लोकरीच्या, दर्शनी बाजूला वेणीचे तीन पट्टे. त्यांना मी एक चिठ्ठी टाचली होती. आयर्लंडजवळच्या ॲरन बेटांवर प्रत्येक कोळी घराण्याची वीण निराळी असे, आणि समुद्रात बुडालेल्याचे प्रेत किनाऱ्याला लागले की स्वेटरच्या विणीवरून ते कोणाच्या घरचे हे ओळखीत, असे तीत लिहिले होते. ती वाचून एका बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी पिशवी घेतली.

ती गोष्ट खरी नव्हती. विणकामाच्या वर्गात मी ती ऐकली आणि जशीच्या तशी पुढे सांगितली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंदा माझ्या मुलीने इंग्रजी पुस्तके आणून मला अर्थ सांगितला, तेव्हा मला खरे काय ते कळले. जिथे चुकीचे सांगितले तिथेच खरे सांगावे, म्हणून हा लेख.

ज्यांना विणता येत नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. वेणी म्हणजे टाक्यांची अदलाबदल. समजा सहा सुलट टाक्यांचा पट्टा आहे. त्यातले तीन टाके तिसऱ्या आखूड सुईवर घेऊन पुढे सोडावयाचे, मागचे तीन आधी विणावयाचे, मग सोडलेले तीन विणावयाचे. दर काही ओळींनी असे केले की पीळ उठून दिसतो. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना उलट टाके असले म्हणजे तो अधिकच वर येतो. मात्र वेणी कापडाला आवळते, म्हणून टाके जास्त घालावे लागतात आणि लोकरही जास्त खाते. त्या बदल्यात कापड जाड आणि दमदार होते. साध्या सुलट विणीची पिशवी दोन नारळ घातले की गुडघ्यापर्यंत लोंबते, वेणीची तितकी लोंबत नाही.

आता बेटांकडे वळू. गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर अशी तीन बेटे आहेत. जमीन सगळी खडकाळ. लोकांनी वाळू आणि समुद्रातले शेवाळ वाहून आणून शेते केली. पोटासाठी समुद्रात जावे लागे, आणि समुद्र माणसे घेई. एवढे खरेच आहे.

जॉन मिलिंग्टन सिंग नावाचा नाटककार १८९८ सालापासून तेथे जाऊन राहत असे. त्याचे ॲरन बेटांवरचे पुस्तक १९०७ साली निघाले. बेटावरच्या माणसांच्या अंगावर घरी कातलेल्या लोकरीचे फलाणीचे कपडे त्याने पाहिले. कोळ्यांचे विणलेले जर्सी तेव्हा नव्याने येत होते. मोठ्या बेटावर पुष्कळ तरुण ते घालू लागले होते, पण मधल्या बेटावर त्याला अवघा एकच दिसला. आता सांगा, पिढीजात घराण्याच्या विणी कोठून असणार?

मग प्रेताची गोष्ट आली कोठून? ती सिंगच्याच नाटकातून. ‘रायडर्स टू द सी’ हे त्याचे नाटक १९०४ साली डब्लिनला झाले. त्यात बुडालेल्या भावाचे कपडे घरी येतात. सदरा कोणाचाही असू शकतो, पण मोजा पाहून धाकटी बहीण ओळखते. तो तिनेच विणलेला असतो. किती टाके घातले आणि किती गाळले हे तिला आठवते, आणि मोजल्यावर तेवढेच भरतात. घराण्याचा नमुना नाही, वेणी नाही, साधा मोजा. मुलीने हे सांगितले तेव्हा माझ्या हातातल्या सुया थांबल्या. आपल्या हातचे विणलेले आपण ओळखतोच की! माझ्या एका पिशवीत तिसरा पीळ उलट्या बाजूला पडला आहे. ती पिशवी कोठेही दिसली तरी मी ओळखीन.

पुढे ह्या मोज्याचा स्वेटर झाला आणि बहिणीच्या आठवणीची घराण्याची खूण झाली.

खरी हकिगत निराळी आहे. पश्चिम आयर्लंडच्या गरीब भागासाठी ब्रिटिश सरकारने १८९१ साली एक मंडळ नेमले. मासेमारी वाढावी म्हणून त्याने होड्या आणि बाहेरचे माहीतगार कोळी बेटांवर आणले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी गडद निळे, अंगाला घट्ट, गोल विणलेले स्वेटर घालीत. त्यांवर दोर आणि शिडी असे नमुने असत. त्या काळच्या येण्याजाण्यात बेटांवरच्या बायकांनी ही कला उचलली, असे जाणकार मानतात. नंतर त्यांनी ती आपल्या पद्धतीने वाढविली. लोकर जाड आणि पांढरी घेतली, आणि नमुन्यांनी सगळे अंग भरून टाकले.

डब्लिनमध्ये म्युरिअल गाहन ह्या बाईंनी १९३० साली ‘द कंट्री शॉप’ हे दुकान काढले. खेड्यांतल्या कारागिरांचा माल तेथे विकला जाई, त्यात हे विणकामही असे. हाइन्झ किवे ह्या गृहस्थाने १९३६ साली डब्लिनमध्ये असा एक पांढरा स्वेटर घेतला आणि त्यातले नमुने जुन्या धर्मग्रंथांतल्या चित्रांइतके प्राचीन आहेत, असे लिहावयास सुरुवात केली. लोकांना ते आवडले. १९६१ साली क्लॅन्सी बंधू हे आयरिश गवई अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर हे स्वेटर घालून गायले, तेव्हा मागणी फारच वाढली. अखेर रिचर्ड रट ह्या विणकामाची आवड असलेल्या इंग्रज बिशपने १९८७ साली हातविणकामाचा इतिहास लिहून ही प्राचीनतेची कल्पना खोडून काढली. तरी आडनावावरून ‘घराण्याची वीण’ विकणारी दुकाने आहेतच.

मला राग येतो तो ह्याचा, की प्राचीन म्हटले की बाई नाहीशी होते. संसार, गुरे, शेत सांभाळून ज्या बायकांनी दिव्याच्या उजेडात नवे नमुने बसविले आणि घरात चार पैसे आणले, त्यांची कल्पकता घराण्याच्या आणि साधुसंतांच्या नावे जमा झाली. आपल्याकडेही गोधडीला कोणी कारागिरी म्हणत नाही. पण तो विषय निराळा.

ह्या वर्षीच्या पिशव्यांना मी नवी चिठ्ठी लिहिली आहे. गेल्या वर्षी पिशवी घेतलेल्या बाई आमच्या मागच्या गल्लीतच राहतात. परवा धीर करून त्यांच्याकडे गेले आणि सारे सांगितले. पैसे परत देण्याचीही तयारी ठेवली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, त्या मोज्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगावयास लावली, आणि मग आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. म्हणाल्या, “ते राहू द्या हो, हा पट्टा बघा आधी, किती ताणलाय!” खरेच वीतभर वाढला होता. पट्ट्याला वेणी नव्हती ना! मी तेथेच बसून त्याला आतून कापडी नाडी शिवून दिली.