तीन फुटांची सळई

दिवाळीतला बाण आपण रिकाम्या बाटलीत उभा करतो. ती बाटली म्हणजे त्या बाणाची प्रक्षेपण-यंत्रणाच होय. ती फुकट मिळते आणि बहुधा काम भागवते. पण कधी बाटली कलंडते आणि बाण समोरच्या घराच्या गॅलरीत शिरतो. शिवाय वातीला एकदा उदबत्ती टेकवली की पुढे काय होणार ते आपल्या हातात राहत नाही. मधेच एखादे पोर धावत पुढे आले, तर वात त्याच्यासाठी थांबत नाही. दिशेवर ताबा नाही आणि क्षणावरही नाही, या बाटलीच्या दोन उणिवा आहेत. छांदिष्टांच्या छोट्या रॉकेटांचा इतिहास हा बराचसा या उणिवा थोड्या पैशात दूर करण्याचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे.

क्षणावरचा ताबा मोठमोठ्यांनाही सहज मिळाला नव्हता. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे रॉबर्ट गॉडर्ड यांनी द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले, तेव्हा त्यांचे सहायक हेन्री सॅक्स यांनी ते लांब दांड्याला बांधलेल्या ज्योतीने पेटवले. रॉकेट ४१ फूट उंच गेले आणि सुमारे अडीच सेकंदांत खाली आले. माणूस मात्र दांड्याच्या अंतरावरच उभा होता.

यानंतर एकतीस वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना रॉकेटांचे वेड लागले. धातूच्या नळीत जस्त आणि गंधक किंवा आगकाड्यांची गुले ठासून ती उडवायची, असा उद्योग घरोघरच्या तळघरांत सुरू झाला. त्यात मुले जखमी झाली, काही दगावली. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवूड या खाणगावच्या होमर हिकम यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत त्यांच्या पहिल्या प्रयोगाने आईच्या गुलाबांभोवतीचे कुंपण उडवल्याची हकीकत आहे. ती वाचताना हसू येते. पण अशा प्रत्येक प्रयोगाचा शेवट हसण्यासारखा झाला नाही.

यावरचा तोडगा मात्र स्पुटनिकच्या आधीच तयार होता. नेब्रास्कातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल हे जोड्यांचे दुकान चालवीत. त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता, आणि भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती करीत असत. या दोघांनी १९५४ मध्ये कागद आणि हलके लाकूड वापरून एक लहान रॉकेट तयार केले. त्यात आयती भरलेली, एकदा वापरून टाकून द्यायची मोटर होती, आणि रॉकेट छत्रीने खाली उतरे. १९५७ च्या आरंभी कार्लाइल यांनी एका मासिकात जी. हॅरी स्टाइन यांचा रॉकेट-सुरक्षेवरचा लेख वाचला आणि आपले नमुने त्यांच्याकडे पाठवले. स्टाइन हे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या चाचणीक्षेत्रावर काम करीत.

ही गाठ पडली हे फार बरे झाले, कारण व्हाइट सँड्सवर एक गोष्ट ढळढळीत दिसत असे. तेथे उडणारे जर्मन बनावटीचे व्ही-२ रॉकेट साध्या बैठकीवर सुटे उभे करीत. त्याच्या पोटात घूर्णदर्शी होते आणि ज्वालेच्या झोतात ग्रॅफाइटची वळती पाती होती, त्यामुळे वेग नसतानाही त्याला दिशा सावरता येई. एरोबी हे त्या मानाने स्वस्त रॉकेट. त्याला केवळ स्थिर पंख होते. पंख काम करतात ते त्यांवरून हवा वाहू लागली की. आरंभी वेग शून्य, म्हणून पंखही निरुपयोगी. यासाठी एरोबीला शंभर फुटांहून उंच मनोऱ्यातून सोडावे लागे. रॉकेट जितके साधे, तितकी प्रक्षेपकावरची जबाबदारी जास्त. आपल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेले नायके-अपाचे रॉकेटही पंखांच्याच जातीचे. तेही प्रक्षेपकाच्या रुळावरून सुटले.

त्या मनोऱ्याची खेळातली आवृत्ती म्हणजे एक सूत जाडीची, तीन फूट लांबीची पोलादी सळई. रॉकेटाच्या अंगाला स्ट्रॉसारखी छोटी नळी चिकटवायची, ती सळईत ओवायची आणि खाली ज्वाला अडवायला पत्रा ठेवायचा. चाचणीक्षेत्रावरची शिस्तही अशीच लहान होऊन आली. वातीऐवजी नायक्रोमची तार, तिला लांबून विजेचा प्रवाह, बटणाच्या आधी एक किल्ली आणि मोठ्याने उलटी मोजणी. किल्ली पेटवणाऱ्याच्या खिशात असेल, तर सळईपाशी वाकलेल्या माणसाला धोका नाही. बोट उचलताच बटण आपोआप बंद झाले पाहिजे. रॉकेट पेटलेच नाही, तर किल्ली काढून पुरे एक मिनिट कोणी जवळ जायचे नाही. विजेचा पुरवठा? शेजारी उभ्या असलेल्या मोटारीचे झाकण उघडून तिच्याच बॅटरीला चिमटे लावीत!

लहान रॉकेटाला तीन फूट का पुरतात, ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे. वजन ५० ग्रॅम आणि आरंभीचा रेटा १० न्यूटन धरला, तर निव्वळ बल साडेनऊ न्यूटन आणि त्वरण १९०. सळईची लांबी ०.९ मीटर. v² = २as वरून सळई सुटताना वेग सेकंदाला सुमारे १८ मीटर येतो. आता अर्ध्या किलोचे, ३० न्यूटन रेट्याचे रॉकेट घ्या. त्वरण ५०, वेग केवळ साडेनऊ. ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ५ मीटरचा आडवा वारा असेल, तर पंखांना हवा २८ अंश तिरकी लागते आणि रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवते. सळई दुप्पट केली, तर वेग साडेतेरापर्यंत जातो.

मध्यम शक्तीची रॉकेटे म्हणतात ती हीच. मोटरींच्या वर्गवारीत दर अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते. ई वर्ग ४० न्यूटन-सेकंदांपर्यंत, एफ ८० आणि जी १६० पर्यंत. या वर्गांत अमोनियम परक्लोरेटच्या संमिश्र इंधनाच्या मोटरी रुळल्या, आणि जुनी सळई तोकडी पडू लागली. लांबी दुप्पट केली की टोकाशी सळई आठपट लवते. जाडी दुप्पट केली की लवणे सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून सहा फुटांची सळई दोन सुती घ्यावी लागते. हा खर्च चुकवण्यात अर्थ नाही. तिपाई मात्र जुन्या लाकडाचीही चालते, ती वजनदार असली म्हणजे झाले.

तारेचेही तसेच. मोठ्या मोटरींसाठी अंतर ९ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १८ मीटर तार. ०.२ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दीड ओहम होतो. पेटवणीचा रोध १ ओहम धरला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून पावणेपाच अँपिअर प्रवाह वाहतो आणि पेटवणीला २३ वॉट मिळतात. तीच तार ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर सुमारे ७२ वॉट. संमिश्र इंधन सहज पेटत नाही, म्हणून देखण्या पेटीवर आणि रंगीत दिव्यांवर पैसे घालण्याऐवजी ते तांब्यावर घालावेत, असे आम्हांस वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शाळेत किंवा घरी स्फोटक मिश्रण तयार करू नये. आपल्याकडे १८८४ च्या स्फोटक कायद्याने त्याला परवाना लागतो. सळईचे गणित पडताळण्यास प्लॅस्टिकच्या बाटलीचे, सायकलच्या पंपाने हवा भरलेले पाण्याचे रॉकेट उत्तम. तेही सळईविना भरकटते. ते उडवतानाही मुलांना लांब उभे करावे आणि झडप दोरीने ओढावी.

अलीकडे सळईच्या जागी खाच असलेली अॅल्युमिनिअमची पट्टी आली आहे. कारखान्यात यंत्रांचे सांगाडे जोडण्यासाठी ती करतात. ती लवत नाही आणि रॉकेटावरच्या दोन गुंड्या तिच्या खाचेतून सरकतात. तरीही एक सुती सळई संपलेली नाही. तिचा एकच अवगुण रॉकेटाशी संबंधित नाही. खाली वाकणाऱ्याच्या डोळ्यात तिचे वरचे टोक जाऊ शकते. म्हणून ते टोक डोळ्यांच्या वर राहील अशी ती रोवतात, नाहीतर प्रत्येक उड्डाणानंतर त्यावर बूच बसवून ठेवतात.