परळ गावातील प्राचीन अवशेष
मुंबईच्या सात बेटांपैकी एकावरचे जुने गाव. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात येथे सुमारे साडेतीन मीटर उंचीचा शैव शिल्पपट सापडला. तो बारादेवी मंदिरात आहे. काळ साधारण सहावे शतक. मधोमध एकावर एक उगवणाऱ्या तीन शिवमूर्ती, दोन्ही अंगांना दोन-दोन, खाली वाद्ये वाजवणारे गण. काम घारापुरीच्या लेण्यांच्या तोडीचे, पण पाहायला येणारे थोडेच. गावातले पोर्तुगीजकालीन जेझुइट प्रार्थनामंदिर इंग्रजांनी ताब्यात घेऊन तेथे गव्हर्नरचे निवासस्थान केले. प्रार्थनेच्या दालनात मेजवान्या झडू लागल्या. १८९९ मध्ये त्याच वास्तूत शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. शेजारच्या दादरचे १५९६ चे पोर्तुगीज चर्च मात्र वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या नव्या इमारतीत नांदते आहे.