मनीची मुदत

आमच्या मांजरीचे नाव मनी. मी बँकेत कारकून असल्यामुळे हे नाव मी इंग्रजी अर्थाने ठेवले असावे, असा आमच्या शाखेत समज आहे. तो खोटा आहे. ज्याच्याजवळ इंग्रजी अर्थाने मनी असते, तो माणूस रोज सकाळी डबा सांभाळत कर्जत-खोपोली लोकलमध्ये उभा राहत नाही.

गेल्या फाल्गुनात एका रात्री दोन वाजता मनीने असा काही सूर लावला, की मी ताडकन उठलो आणि गॅस बंद आहे का ते पाहून आलो. (कुठलाही आवाज झाला की मी आधी गॅस पाहतो.) मनी जमिनीवर गडाबडा लोळत होती. सौ.ने पोटात कळ आली असेल म्हणून ओव्याची बाटली काढली. वरच्या मजल्यावरून फोन आला, ‘‘पोरीला मारू नका हो इतकं!’’ आमची पोर त्या वेळी पांघरुणातून डोके बाहेर काढून विचारत होती, ‘‘बाबा, ती मरणार आहे का?’’

सकाळी टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मनीकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा पाहिले. म्हणाले, ‘‘काही झालेलं नाही. मांजर माजावर आलंय. वय काय?’’

‘‘माझं सत्तेचाळीस,’’ मी म्हणालो.

मनीचे सात महिने होते.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळीच समोरच्या इमारतीतले नाना स्थळ घेऊन आले. त्यांचा बोका पर्शियन, नाव सुलतान, तोंड दारावर आपटल्यासारखे चपटे. ‘‘पिल्लं झाली की निम्मी तुमची, निम्मी माझी. एकेकाला काय भाव येतो ठाऊक आहे का?’’ दोन महिन्यांत इतके व्याज देणारी योजना मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या गाडीला मागून जी इंजिने लावतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. माझ्या घरात मात्र बँकर मी, आणि मागून ढकलणारे सगळे दुसरेच. मुलीला पिल्ले हवी होती. सौ.ला रात्रीची झोप हवी होती. नानांना भाव हवा होता. मनीला काय हवे होते ते ती रोज रात्री दोन वाजता सांगत होती, पण तेवढ्यावर सही करायला माझा हात होईना.

मी कॉमर्सचा पदवीधर. अडचण आली की पूर्वी अशा प्रकरणात काय केले होते ते जुन्या फायलीत पाहायचे, हे आमचे शिक्षण. म्हणून मी मांजराची जुनी फाईल काढली.

फाईल फारच जुनी निघाली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आले. म्हणजे मांजराची मूळ नेमणूक गोदामाच्या राखणदाराची. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, हे २००४ साली जाहीर झाले. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती. तेव्हा कोणीतरी होडीत घालून नेले असणार. नोकरीतली पहिलीच बदली, तीही समुद्रापलीकडे, आणि प्रवासभत्ता नाही!

पण या सगळ्या काळात मांजरीचे लग्न माणसाने ठरवल्याची नोंद मला दिसेना. गाईसाठी वळू, घोडीसाठी घोडा माणूस हजारो वर्षे पारखून घेत आला. मांजरीचे जमायचे ते रात्री, कौलांवर आणि कोणाला न विचारता. आपण फार तर चप्पल फेकायची.

हे चित्र बदलले ते लंडनमध्ये. १३ जुलै १८७१ रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले. शेपूट कशी, कान कसे, याला गुण द्यायची पद्धत आली. १९१० साली मांजरांच्या वंशावळी नोंदवणारी मध्यवर्ती संस्था ब्रिटनमध्ये निघाली. एकदा वंशावळ आली की स्थळ आले आणि स्थळ आले की ‘मुलगी लग्नाची झाली का?’ हा प्रश्न आलाच. मांजराच्या दहा हजार वर्षांच्या खात्यात ही अगदी अलीकडची नोंद आहे.

आपल्याकडे त्या सुमाराला मांजरे मोजली जात होती, पण निराळ्या कारणाने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेवर बोट ठेवले. मग १९०८ च्या सुमारास वऱ्हाडात अमरावतीला असलेल्या ब्यूकॅनन नावाच्या लष्करी डॉक्टरने गावांतली मांजरे मोजली आणि सांगितले, की जिथे मांजरे जास्त तिथे प्लेग कमी. तेव्हा घरोघर मांजर ठेवा. मांजरालाही प्लेग होतो हे आज आपल्याला माहीत आहे. परंतु मला कौतुक वाटते ते त्या शिरगणतीचे. गावातली मांजरे मोजणे म्हणजे काय हे, ज्याने एकच मांजर टोपलीत घातले आहे, त्याला विचारावे.

मांजरे किती हे आपण मोजले. त्यांची वये कोण मोजतो? पण मांजरींचे सोडा, मुलींची वये मोजायलासुद्धा आपल्याला कायदे करावे लागले. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा झाली, तर केवढे काहूर उठले! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. अठरा व्हायला १९७८ साल उजाडले. एवढे वाचून मी फाईल मिटली, कारण पुढचे कागद आमच्या घरचे होते.

आमचे मूळ घर खालापूर तालुक्यातले. आजीचे लग्न तेराव्या वर्षी झाले. शारदा कायदा तोवर लागू झाला होता. मात्र तो मुंबईहून निघून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत पोचायचा होता. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तिच्याकडे तांबू नावाची मांजर होती. पिल्लू म्हणावे एवढीच होती आणि तिचे पोट दिसायला लागले. आम्ही पोरांनी किती होणार यावर गोट्यांच्या पैजा लावल्या. सगळे खूश. एकटी आजी म्हणाली, ‘‘पोरच आहे की अजून.’’

आषाढातल्या एका रात्री तांबू भाताच्या कणगीमागे जाऊन बसली. आजी कंदील घेऊन तिच्याजवळ बसली. मला झोपायला पाठवले. मी अर्थातच झोपलो नाही. मुलाबाळांना सांभाळणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे म्हणतात, पण त्या रात्री देवीला आपले वाहन आठवले नाही. दोन पिल्ले झाली, दोन्ही मेलेली. उजाडता उजाडता तांबूही गेली.

आजीने फणसाखाली खड्डा केला. माती लोटता लोटता ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘‘माझंही पहिलं असंच गेलं. मी वाचले, एवढंच.’’ मग हात धुऊन तिने चूल पेटवली. मला तेव्हा फक्त गोट्या परत करायच्या आहेत एवढे समजले होते.

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना कारकुनी पद्धतीने प्रश्न लिहून नेले. त्यांनी सांगितले ते असे. मांजर सहाव्या महिन्याच्या आसपास, एखादे चौथ्या महिन्यातही, माजावर येते. दिवस मोठे होऊ लागले की हे वाढते. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. गर्भ राहिला तर साधारण नऊ आठवड्यांनी पिल्ले. ‘‘पण माजावर आली म्हणजे वयात आली. वाढ पुरी झाली असं नाही. तिची हाडं अजून वाढताहेत. वर्षाच्या आत तिला आई करणं म्हणजे...’’

‘‘मुदत ठेव मुदतीआधी मोडणं,’’ मी म्हणालो.

‘‘आणि दंड तिनं भरणं,’’ डॉक्टर म्हणाले. त्या माणसाने बँकेत असायला हवे होते.

त्यात सुलतानचे स्थळ. पर्शियन पिल्लांची डोकी मोठी, चेहरे चपटे; अशी पिल्ले अडण्याची भीती जास्त. शिवाय या जातीत मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक रोग असतो, त्याची तपासणी बोक्याची आधी करावी लागते. लस, वजन, तब्येत हे सगळे वर्षानंतरही पाहायचेच. मी नानांना नम्रपणे सुलतानच्या तपासणीचा कागद मागितला. ‘‘आमच्या घराण्यात असलं काही नाही!’’ नाना उखडले. कर्ज मागायला येणारेही नेमके हेच सांगतात.

डॉक्टरांनी शेवटी विचारले, ‘‘पिल्लांना घरं आहेत का?’’ मी मोजली. नानांचे एक, आमचे एक. स्टेशनाबाहेर वडापावच्या गाडीखाली ज्यांना एकही घर नाही अशी पाच मांजरे रोज मला दिसतात. ते म्हणाले, वर्षभर थांबा किंवा शस्त्रक्रिया करून टाका, दोन्ही चालेल.

मी घरी येऊन मुलीला सगळे सांगितले. ती चौदा वर्षांची आहे. पिल्लांसाठी तिने रिकामे खोके आणून, आत माझा जुना शर्ट अंथरून ठेवला होता. मी तांबूची गोष्टही सांगितली, गोट्यांसकट. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘पणजी तेव्हा माझ्याएवढी होती?’’

‘‘वर्षानं लहान.’’

तिने खोक्यातला शर्ट काढून घडी करून मला परत दिला.

पुढच्या आठवड्यात, सूर थांबल्यावर, शस्त्रक्रिया झाली. संमतीच्या कागदावर ‘प्राण्याशी नाते’ असा रकाना होता. मालक लिहावे असे मनात होते. पण रात्री दोन वाजता उठून तिच्यासाठी दार कोण उघडतो, हे आठवून मी ‘पालक’ लिहिले आणि सवयीने खाली शिक्का मारायला हात खिशात घातला.

नाना महिनाभर बोलत नव्हते. परवा गाडीत भेटले. सुलतानला वांगणीचे स्थळ आले आहे म्हणाले.

‘‘मुलीचं वय काय?’’ मी विचारले.

नाना खिडकीबाहेर पाहू लागले. मग हळूच म्हणाले, ‘‘विचारतो.’’