चौथा रकाना

२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय साप्ताहिकात एक शोधनिबंध छापून आला. लेखकांच्या यादीत पहिलं नाव होतं डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन यांचं. फ्रान्समधल्या ल्यों शहरी असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत ते काम करत. दुसरं नाव बार्शीच्या डॉ. भगवान नेने यांचं. त्या अंकाचे जगभरचे वाचक ज्या जिल्ह्याचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचत होते, तो जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. निबंधात कुणा बाईचं नाव नाही. आहेत ते तक्ते, आणि तक्त्यांत चार रकाने. पहिल्या रकान्यात ३४,१२६ बायका, दुसऱ्यात ३२,०५८, तिसऱ्यात ३४,०७४ आणि चौथ्यात ३१,४८८. बेरीज १,३१,७४६. सगळ्या ३० ते ५९ वयाच्या, सगळ्या खेड्यापाड्यांतल्या.

हे रकाने वाचायचे तर आधी बार्शीत जावं लागतं, आणि वीसेक वर्षं मागे.

सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, मराठवाड्याच्या वेशीवर असलेल्या या तालुक्याच्या गावात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका धर्मादाय संस्थेने कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं. संस्था अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी, रुग्णालय नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. तोवर कॅन्सर म्हटलं की ‘मुंबईला न्या, टाटाला दाखवा’ एवढंच खेड्यातल्या माणसाला ठाऊक. मुंबईला नेणं म्हणजे भाडं, राहणं, सोबतीचा माणूस आणि बुडालेली मजुरी. बाईच्या दुखण्यापायी हे सगळं करायला निघणारी घरं थोडी. म्हणून दुखणं अंगावर काढायचं. पांढरं जातंय, पाळी गेल्यावरही लाल जातंय, कंबर धरतेय, हे सगळं शेजारणीच्या कानापलीकडे जात नसे.

रुग्णालय बांधणं एकवेळ सोपं. आजूबाजूच्या गावांत हा रोग किती आहे, हे कळणं अवघड. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी चालू होती. इंडियन कॅन्सर सोसायटीने ती सुरू केली होती. पण शहरी नोंदणी चालते ती रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या दप्तरांवर आणि मृत्यूच्या दाखल्यांवर. खेड्यात दप्तर कुठलं? माणूस घरातच जातो, आणि दाखल्यावर कारणाच्या जागी लिहिलेलं कुणी खरं धरत नाही. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिला स्वतःची रीत घडवावी लागली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्याकडे होती. नोंदणीची माणसं ठरावीक काळाने गावोगाव फिरत, सरपंच, शिक्षक आणि गावातल्या जाणत्या माणसांना भेटत, बैठका घेत, कॅन्सरची लक्षणं सांगत आणि विचारत: असं दुखणं कुणाला आहे का? ज्यांना असेल त्यांना बार्शीला आणून तपासत.

कामाचं नाव ‘नोंदणी’, पण गावात घडत होतं ते त्याहून जास्त. मोजायला गेलेला माणूस लक्षणं सांगून येत होता. याचा परिणाम कागदावर आला १९९५ मध्ये, कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांच्या ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मधल्या छोट्याशा लेखातून. नोंदणीच्या भागातून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ज्या बायका येत होत्या, त्यांच्यात आधीच्या, म्हणजे बरं होण्याजोग्या टप्प्यावर येणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या काही वर्षांतच वाढलं होतं. कुठलं यंत्र आलं नव्हतं, सामूहिक तपासणी झाली नव्हती. फक्त कुणीतरी पारावर, शाळेत येऊन बोललं होतं. माझ्या मते बार्शीच्या सगळ्या कागदांत हा लेख सर्वांत मोलाचा, आणि सर्वांत कमी आठवला जाणारा.

या विणल्या गेलेल्या विश्वासावरच पुढची चाचणी उभी राहिली. ऑक्टोबर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू झालं. सोबत होती मुंबईचं टाटा मेमोरियल आणि ल्योंची संस्था. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, म्हणजे पॅप स्मिअर, तिसऱ्यात नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागात कुठलीच तपासणी नाही. तिथल्या बायकांना एरवी मिळते ती सरकारी सोय, आणि तपासणी कुठे करून मिळेल याची माहिती.

तिसऱ्या भागातली तपासणी जवळून पाहण्यासारखी आहे. बाईला टेबलावर झोपवून, उपकरणाने वाट मोकळी करून, गर्भाशयाच्या तोंडावर ४ टक्के ॲसेटिक ॲसिड लावतात. स्वयंपाकातल्या व्हिनेगरच्याच जातीचं हे द्रावण. एक मिनिट थांबायचं. कुठे पांढरा, दाट, कडा स्पष्ट दिसणारा डाग उमटला तर संशय. प्रयोगशाळा नको, आणि निकाल तिथल्या तिथे. बाकी दोन्ही चाचण्यांत नमुना घेऊन बाईला घरी पाठवायचं, आणि काही आढळलं तर पुन्हा बोलवायचं. ज्या बाईने पहिल्यांदा यायलाच सासूची, नवऱ्याची आणि शेताची समजूत काढली, तिला दुसऱ्यांदा आणणं हे काम वेगळंच. म्हणून त्या काळात गरीब देशांसाठी डोळ्यांनी तपासण्याची रीतच योग्य, असं पुष्कळांना वाटत होतं.

पहिले आकडे २००५ मध्ये आले, आणि त्यांनी या मताला धक्का दिला नाही. संशयित निघालेल्या बायका डोळ्यांच्या तपासणीत सुमारे १४ टक्के, एचपीव्हीत १०, पेशींच्या चाचणीत ७. कॅन्सरच्या आधीची गंभीर अवस्था सापडल्याचं प्रमाण तिन्हींत जवळपास सारखं: डोळ्यांनी ०.७ टक्के, एचपीव्हीने ०.९, पेशींनी १.०. इथेच कागद मिटला असता, तर ‘तिन्ही सारख्याच, मग स्वस्त ती घ्या’ असा निष्कर्ष निघाला असता. पण ही माणसं थांबली नाहीत. नोंदणीची जुनी सवय हाडांत मुरलेली होती. त्याच गावांतून कुणाला कॅन्सर झाला, कोण गेलं, याचा माग ती आठ वर्षं काढत राहिली. जगभरच्या पुष्कळ अभ्यासांत हेच राहून जातं, कारण मागे राहणारा माणूसच नसतो.

२००९ च्या तक्त्याने चित्र बदललं. त्यातले मृत्यू असे: एचपीव्ही भागात ३४, पेशींच्या चाचणीच्या भागात ५४, डोळ्यांच्या तपासणीच्या भागात ५६, तपासणी न झालेल्या भागात ६४. भागांतली लोकसंख्या थोडी कमीजास्त असल्याने आकडे दरात मांडून पाहावेत. वर्षाला लाखामागे १२.७, २१.५, २०.९ आणि २५.८. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. उरलेल्या दोन चाचण्यांचा फायदा संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरला नाही. आणखी एक आकडा सांगतो तो मला याहून बोलका वाटतो. चाचणीत ‘काही नाही’ असं सांगून घरी पाठवलेल्या बायकांपैकी पुढे ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांचा दर पेशींच्या चाचणीत १५.५, डोळ्यांच्या तपासणीत १६.० आणि एचपीव्हीत फक्त ३.७. बाईला ‘निर्धास्त जा’ म्हणायचं तर ते खरं ठरायला हवं. एचपीव्हीच्या चाचणीने तो शब्द पाळला.

डोळ्यांच्या तपासणीला यामुळे टाकाऊ ठरवणं मात्र घाईचं होईल. तामिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यातल्या चाचणीत तिने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी केले होते. मुंबईच्या वस्त्यांत चार फेऱ्या केल्यावर ३१ टक्क्यांनी. बघणाऱ्या डोळ्यांवर आणि पुन्हा पुन्हा जाण्यावर तिची सारी भिस्त आहे. एका फेरीत जीव वाचवण्याची ताकद उस्मानाबादेत तिच्यात दिसली नाही, एवढंच हे कागद सांगतात.

आता चौथा रकाना. ३१,४८८ बायका, ६४ मृत्यू. पहिल्या भागाचा दर या भागाला लावला, तर त्या आठ वर्षांत इथे सुमारे ३२ मृत्यू झाले असते. हे गणित माझं आहे, निबंधाचं नाही. पण ते केल्यावाचून मला तो रकाना ओलांडता आला नाही. भारतातल्या या चाचण्यांवर पुढे टीका झाली. पॅप स्मिअरने जीव वाचतात हे जगाला काही दशकांपासून माहीत असताना काही गावांना मुद्दाम तपासणीविना का ठेवलं, आणि त्या बायकांना काय सांगून संमती घेतली, असा प्रश्न टीकाकारांनी केला. चाचणी करणाऱ्यांचं उत्तर असं की त्या काळात भारतातल्या खेड्यात तपासणीची सोय नव्हतीच. चौथ्या भागाला जे मिळत होतं तेच साऱ्या जिल्ह्याला मिळत होतं. हे उत्तर खरं आहे. पण पुरेसं नाही. जिथे कुणालाच काही मिळत नाही, तिथे कुणाला काही न देणं हा दोष दिसत नाही. म्हणूनच अशा प्रयोगांना असा जिल्हा सापडतो. या दोन गोष्टी मी एकाच वेळी खऱ्या मानतो: चौथ्या रकान्याशिवाय जगाला पुरावा मिळाला नसता, आणि त्या पुराव्याची किंमत त्या गावांनी मोजली.

उरलेल्या तीन रकान्यांतही एक न दिसणारा रकाना आहे. बोलावलेल्या दर १० बायकांपैकी जवळजवळ ८ आल्या. कुठल्याही देशाने हेवा करावा असं हे प्रमाण. पण वीस हजारांवर बायका आल्या नाहीत, आणि एचपीव्ही भागातल्या ३४ मृत्यूंत न आलेल्यांचाही हिशोब धरलेला आहे. त्या कोण होत्या? याचं उत्तर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये नेने आणि जयंत यांनीच सहकाऱ्यांसह दिलं. आलेल्या बायका तुलनेने तरुण, जास्त शिकलेल्या, नवरा हयात असलेल्या आणि कुटुंबनियोजनाची साधनं वापरलेल्या होत्या. म्हणजे दवाखान्याचा उंबरठा आधी ओलांडलेल्या. राहिलेल्यांत वयस्क, अक्षरओळख नसलेल्या, नवरा गेलेल्या बायकांचं प्रमाण मोठं. तपासणी सर्वांना सारखी दिली तरी ती सारखी घेतली जात नाही, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत आपल्याकडे क्वचितच लिहिलं गेलं असेल. आणि हा रोग तर वयाबरोबर वाढतो.

बार्शीचं नाव यानंतर पुन्हा एकदा अशाच मोठ्या कागदावर येतं. २००९ मध्ये १० ते १८ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस देऊन दोन आणि तीन डोसांची तुलना करण्याचा अभ्यास देशात अनेक ठिकाणी सुरू झाला. बार्शी त्यातलं एक ठिकाण, पुणे दुसरं. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीचे सगळे अभ्यास थांबवले, तोवर काही हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. अर्धवट राहिलेलं ते काम टाकून न देता त्या मुलींचा माग ठेवला गेला. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या निष्कर्षांनुसार विषाणूच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एक डोसही जवळजवळ तितकाच, म्हणजे ९५ टक्क्यांवर परिणामकारक होता. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने एक डोस पुरेसा ठरू शकतो असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत.

उस्मानाबादच्या निबंधाचाही असाच प्रवास झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती एचपीव्हीच्या चाचणीला दिली. त्याआधी २०१६ मध्ये आपल्या केंद्र सरकारने कार्यक्रमाची चौकट आखली तेव्हा ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी करायची म्हणून निवडलेली तपासणी होती तिसऱ्या रकान्यातली, डोळ्यांची. पैसा आणि प्रयोगशाळा यांचा विचार करता निवड समजण्यासारखी आहे. पण तीही झाली का? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं गेलं की गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झाली आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या.

१९९९ मध्ये जी बाई ३० वर्षांची होती आणि ब्रशने नमुना देऊन टेबलावरून उठली, ती आता साठीकडे झुकली आहे. तेव्हा तिच्या कडेवर असलेली मुलगी आज आईच्या त्या वेळच्या वयात आली आहे. सर्वेक्षणाचा प्रश्न आता तिला लागू होतो.