एएलएस : रुग्णांचा परस्पर-आधार (जपान)

मेंदू व मज्जारज्जूतील चालक चेतापेशी झडत जाऊन स्नायू निकामी करणारा एएलएस हा असाध्य आजार. हातपाय, वाचा, गिळणे आणि शेवटी श्वास बंद पडत जातो. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते. त्यामुळे गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हा निर्णय रुग्णाला स्वतःच घ्यावा लागतो. जपानमध्ये तो लावून घेणाऱ्यांचे प्रमाण इतर देशांहून बरेच जास्त आहे. तिथे रुग्ण व कुटुंबीयांची संघटना १९८६ पासून आहे.

व्हेंटिलेटरचा हा निर्णय घेताना डॉक्टरच्या माहितीपत्रकापेक्षा, व्हेंटिलेटरवर जगणाऱ्या माणसाची घरी जाऊन घेतलेली भेट अधिक सांगून जाते. संवादाची युक्तीही अशा सहवासातूनच हाती येते. ‘तोंडअक्षर’ पद्धतीत रुग्ण ओठांनी फक्त स्वराचा आकार करतो. तो ‘आ’ असेल, तर मदतनीस ‘आ, का, सा, ता’ म्हणत जातो आणि हवे ते अक्षर येताच रुग्ण पापणी मिटतो. एका वाक्याला काही मिनिटे लागतात. घाई मदतनिसालाच असते. दुसरे साधन म्हणजे पारदर्शक अक्षरफलक. त्यात पलीकडून नजरेला नजर जुळवून अक्षर ओळखतात.

एएलएस झालेले यासुहिको फुनागो २०१९ मध्ये जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले. व्हेंटिलेटरसह चाकांची खुर्ची आत नेता यावी म्हणून सभागृहात बदल करावे लागले. त्यांचे प्रश्न मदतनीस वाचून दाखवीत.